कुरारेहुए (चिली) इथलं मापुचे घरगुती जेवण: शो नको असेल, जेवण हवं असेल तर इथे जा

दक्षिण चिलीत पुकोनला फिरायला जाणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवते, ज्वालामुखी चढा, तळ्यात पोहा, गरम पाण्याच्या कुंडात बसा, सगळं करा, पण एक अख्खा दिवस कुरारेहुएसाठी राखून ठेवा आणि तिथे मापुचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या, घरात जेवा. चिलीत राहायला लागल्यापासून मी जिथे जिथे जेवलेय त्यात हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण आहे, आणि त्यातला अर्धा भाग चवीचा आहे, उरलेला अर्धा त्या घरच्या बाई जेवताना जे सांगतात त्याचा.

जागेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. घराला लागूनच त्यांची रुका आहे, रुका म्हणजे मापुचे पद्धतीचं, वरून गवताने शाकारलेलं घर, आठ-दहा माणसं बसतील एवढीच जागा, आणि बस भरभरून माणसं आलेली नकोयत असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कुरारेहुए गाव छोटंसं आहे, पुकोनपासून साधारण ४० किलोमीटर, पुढे तोच रस्ता मामुइल मालालच्या खिंडीतून अर्जेंटिनात जातो. गावात उतरून कुणालाही विचारा की मापुचे जेवण कुठे मिळतं, दोन-तीन घरं सांगतील, त्यातलं नदीच्या बाजूचं, जिथे बाई आणि त्यांची लेक मिळून करतात ते हे. गावात त्रावुपेयुम नावाचं छोटं सांस्कृतिक केंद्र आणि म्युझियम पण आहे, लवकर पोचलात तर आधी तिथे चक्कर मारा, मग जेवताना कानावर पडणारे निम्मे शब्द ओळखीचे वाटतील.

दोन प्रकार आहेत. नुसतं जेवण १२,००० पेसो, आणि सकाळपासून जाऊन त्यांच्याबरोबर स्वयंपाक करायचा, मग जेवायचं, ते १८,००० पेसो माणशी. दुसरंच घ्या. सहा हजार जास्त वाटतील पण खरी गंमत त्या सकाळच्या वेळात आहे, नुसतं जेवायला गेलात तर छान जेवून परत याल, एवढंच.

रुकाचं दार पूर्वेला असतं, सूर्य उगवतो त्या बाजूला, आणि मधोमध चूल, म्हणजे जमिनीवरच पेटवलेला विस्तव, वर साखळीला काळं कुळकुळीत भांडं टांगलेलं. चिमणी नाही, धूर छपराच्या दोन टोकांच्या झरोक्यांतून जातो. पहिली दहा मिनिटं डोळे चुरचुरतात हे खरंय, चष्मा लावणाऱ्यांनी आणि दमा असणाऱ्यांनी आधी सांगून दाराजवळची जागा मागून घ्या, बाई लगेच देतात. पण तो धूर उगाच नाहीये, त्यानेच वरचं गवत टिकतं, पाऊस आत येत नाही, आणि त्याच धुरात लाल मिरच्यांच्या माळा लटकवलेल्या असतात. मेर्केन ऐकलं असेल कुणी कुणी, सँटियागोच्या सुपरमार्केटमध्ये छोट्या बाटलीत मिळतं ते. इथे ते होताना बघायला मिळतं. काचो दे काब्रा नावाची लांब वाकडी मिरची असते, ती आधी उन्हात वाळवायची, मग धुरावर धरायची, मग भाजलेले धणे आणि मीठ घालून दगडावर वाटायची. धणे मला स्वतःला भाजायला दिले, आणि बाई लांबूनच नुसत्या वासावर म्हणाल्या, आता उतरव. बाटलीतल्या मेर्केनला नुसता तिखट धूर लागतो, ह्याला आधी धुराचा वास येतो, मग धणे, आणि तिखटपणा अगदी शेवटी, सावकाश. आपल्यासारख्या तिखट खाणाऱ्यांना ते मुळीच जाळत नाही पण जिभेवर राहतं खूप वेळ. छोटी बरणी ३,५०० पेसोला विकतात, मी दोन घेतल्या, अजून घ्यायला हव्या होत्या.

आता जेवण. पहिल्यांदा मुदाय येतं, गहू उकडून आंबवलेलं पेय, पांढरट, किंचित आंबट, दोन-तीन दिवस मुरलेलं असेल तर हलकीशी झिंग असते पण आमचं ताजं होतं. पिण्याआधी बाईंनी स्वतःच्या कपातलं थोडं जमिनीवर ओतलं, मापुदुंगुनमध्ये, म्हणजे मापुचेंच्या भाषेत, हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या आता प्या. आम्हाला तसं करा असं सांगितलं नाही आणि ते काय होतं ह्याचं भाषणही दिलं नाही. मला हे फार आवडलं. मुदाय गियातुनमध्ये लागतं, म्हणजे सगळी वस्ती जमून जमिनीसाठी, पावसासाठी, पिकासाठी प्रार्थना करते तेव्हा, आणि तो सोहळा पाहुण्यांना तिकीट लावून दाखवायचा नसतो.

मग कातुतो. हा मी स्वतः केला म्हणून जरा सविस्तर लिहिते. गहू चुलीतली राख घालून उकळतात, त्याने वरचं साल सुटतं, मग तो पाण्यात चोळून चोळून धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि हे काम वाटतं त्यापेक्षा खूप वेळखाऊ आहे. मग दगडावर रगडायचा. बाई गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी वरचा दगड पुढे ढकलतात आणि पीठ आपोआप पुढच्या कडेवरून खाली लाकडी परातीत पडतं, मी केलं तेव्हा ते सगळं बाजूनेच सांडत होतं, लेक शेजारी बसून गोळा करत होती. त्या पिठाचे मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते असे लांबट गोळे करायचे, बास, ना यीस्ट ना तेल ना मीठ. तसेच मऊ खातात, निखाऱ्यावर भाजून खातात, तळून पण. आम्हाला भाजलेला दिला, वरून मध आणि चिमूटभर मेर्केन. बाहेरून कुरकुरीत, आत चिकटसर, गव्हाचा असा वास की पोळी रोज खाणाऱ्या माणसालाही नवीन वाटेल.

नंतर सूप, त्यात सोललेला गहू, बटाटा, किनोआ, भोपळा आणि जंगलातली चांग्ले नावाची फांद्याफांद्यांची पिवळसर अळंबी, ती शरद ऋतूतच येते, म्हणजे इकडच्या एप्रिल-मे महिन्यात. व्हेज लोकांसाठी हे विशेष लिहिते, आमच्या पूर्ण जेवणात मांस नव्हतं आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. कोकराचं मांस हवं असेल तर आधी सांगावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. एक बारीकशी तक्रार, सूपला मीठ कमी होतं, मीठ मागितलं तर मेर्केनच पुढे सरकवतात.

आणि पिन्योन. ह्याच्यासाठी मी एप्रिल निवडला होता. अरौकारिया झाडाच्या मोठ्या गोल फळातून पडणाऱ्या लांबट बिया, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, वरून तपकिरी कडक साल. तासभर तरी उकडाव्या लागतात, मग साल सोलायचं तर एक ट्रिक आहे, जाड टोकाला दाताने हलकं चावायचं आणि दुसऱ्या टोकाकडून दाबायचं की गर सरळ बाहेर येतो. पहिले चार-पाच तुटले, मग जमलं, आणि मग टोपली रिकामी होईपर्यंत हात थांबत नाहीत. चव सांगायची तर उकडलेल्या फणसाच्या आठळ्या आठवा, तशाच पिठूळ, फक्त किंचित गोड आणि शेवटी राळेसारखा वास. ह्याच बिया भाजून, वाळवून, दळून पीठ करून, आंबवून पेय करून सगळ्या तऱ्हेने खातात. आणि डोंगरातल्या मापुचेंना, पेवेन्चे म्हणतात त्यांना, त्यांचं नावच ह्या झाडावरून आहे, पूर्वी ह्याच बियांवर अख्खा हिवाळा निघायचा, जमिनीत खड्ड्यात किंवा पाण्यात साठवून ठेवायचे, महिनोन्‌महिने टिकतात.

हे झाड हजार वर्षं जगू शकतं आणि बिया द्यायला लागेपर्यंतच त्याची कित्येक वर्षं जातात. लाकूड सरळसोट आणि चांगलं म्हणून प्रचंड तोडलं गेलं. १९७६ ला चिली सरकारने त्याला नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण दिलं, मधे ते ढिलं केलं, आणि लोन्किमायच्या डोंगरात किनकेनच्या पेवेन्चे कुटुंबांनी लाकूड कंपनीविरुद्ध जागा न सोडता लढा दिला, तेव्हा १९९० ला तोडबंदी परत आली. बाईंनी हे सांगितलं तेव्हा हातात पिन्योन सोलणं चालूच होतं. त्यांचं म्हणणं आता वेगळीच काळजी आहे, शहरात पिन्योनला भाव आलाय, लोक गाड्या घेऊन येतात आणि झाडाखालचं सगळं गोळा करून नेतात, ना जनावरांसाठी ठेवत ना पोपटांसाठी, मग नवीन झाड उगवणार कुठून.

इतिहासाचा भाग असाच येतो, जेवता जेवता, म्हणून मी तो पण रिव्ह्यूमध्येच धरतेय. इथे प्रोजेक्टर नाही की गाइड नाही. भिंतीवर एक फ्रेम आहे, पिवळ्या पडलेल्या कागदाची फोटोकॉपी, त्यांच्या पणजोबांच्या वस्तीला मिळालेला तितुलो दे मेरसेद, सरकारी जमिनीचा कागद. मी विचारलं हा कसला, आणि पुढचा तास त्यातच गेला.

आपण शाळेत शिकतो की स्पॅनिश लोकांनी सगळं दक्षिण अमेरिका घेतलं. मापुचेंचं घेता आलं नाही. १५५३ च्या डिसेंबरात तुकापेलला लाउतारोने, जो आधी स्वतः स्पॅनिश गव्हर्नर वाल्दिव्हियाचा घोडे सांभाळणारा पोरगा होता आणि तिथेच त्यांची लढायची पद्धत शिकला, स्पॅनिश फौज संपवली आणि पेद्रो दे वाल्दिव्हिया तिथेच मेला. १५९८ ला कुरालाबाला दुसरा गव्हर्नर मारला गेला, त्यानंतर काही वर्षांत बियोबियो नदीच्या दक्षिणेची एकामागून एक स्पॅनिश शहरं पडली. व्हियारिका, म्हणजे पुकोनच्या अलीकडचं तळ्याकाठचं गाव, जिथून तुमची बस जाते, ते त्यातलंच, १५५२ ला वसवलेलं, १६०२ ला पडलं, आणि नंतर जवळजवळ २८० वर्षं तिथे परत शहर झालं नाही. १६४१ ला किलिनला तह झाला, स्पॅनिश राजाने बियोबियोच्या पलीकडे ह्यांचं राज्य हे मान्य केलं. म्हणजे एका युरोपियन साम्राज्याला टेबलावर बसून सीमा मान्य करायला लावलेली, आणि त्याबद्दल मी चिलीत येईपर्यंत एक ओळ वाचलेली नव्हती.

गेलं ते नंतर, स्पेनच्या नाही तर चिलीच्या काळात. १८६१ ते १८८३ मध्ये चिलीचं सैन्य टप्प्याटप्प्याने दक्षिणेला आलं, १८८१ ला तेमुको शहर वसवलं, १ जानेवारी १८८३ ला व्हियारिका ताब्यात घेतलं, आणि डोंगरापलीकडे अर्जेंटिनाचं सैन्य त्याच वर्षांत तेच करत होतं. सीमा मधून गेली. बाईंच्या आजीच्या बहिणी त्या बाजूला राहिल्या, नेउकेन प्रांतात, अजून लग्नाकार्याला जाणं-येणं आहे पण आता पासपोर्ट-कार्ड घेऊन, भाज्या-बिया घेऊन जायची बंदी. त्यानंतर सरकारने जमिनीचे कागद वाटले, भिंतीवरचा तोच. साधारण ५० लाख हेक्टरपैकी ५ लाखाच्या आसपास मापुचेंकडे राहिली, बाकीची सेटलर्सना, लिलावात, मोठ्या इस्टेटींना. पुढच्या पिढ्यांत वाटण्या, खोट्या विक्र्या, कुंपणं सरकवणं, त्यात अजून गेली. बाईंनी कागदावरचा हेक्टरचा आकडा बोटाने दाखवला, मग दारातून नदीकडे हात करून आता कुठपर्यंत आहे ते दाखवलं. त्यांना जास्त काही बोलावं लागलं नाही.

ताटात जे आलं ते सगळं त्या उरलेल्या तुकड्यातलं आणि वरच्या जंगलातलं होतं, गहू, बटाटे, किनोआ, मध. बियाणं त्या बाजारातून आणत नाहीत, त्राफकिंतुमधून आणतात, म्हणजे वस्त्यांवस्त्यांतल्या बायका जमून बियाण्यांची आणि रोपांची देवाणघेवाण करतात, पैसे नाहीत. माझ्या मते ह्या जागेची किंमत त्यासाठी मोजायची. १८,००० पेसोत तुम्हाला जेवण मिळतं आणि ते धान्य त्यांच्याकडे टिकून कसं राहिलं हे ज्यांनी टिकवलं त्यांच्याच तोंडून कळतं.

आता तुलना करणं भाग आहे. पुकोनमध्ये एका टूर कंपनीची 'मापुचे अनुभव' नावाची अर्ध्या दिवसाची सहल मी आधी घेतली होती, ह्याच्या दुप्पट पैसे. हॉटेलच्या लॉनवर चार मुलं चकचकीत कापडाचे पोंचो घालून नाचली, कुल्ट्रुन वाजवला, फोटो काढले, मिरची लावलेले पॉपकॉर्न वाटले, संपलं. कुल्ट्रुन हा माचीचा ढोल असतो, माची म्हणजे त्यांच्यातली औषधोपचार आणि विधी करणारी व्यक्ती, त्यावर पृथ्वीचे चार भाग काढलेले असतात, आणि तो लॉनवर टाळ्यांसाठी वाजवायचा नसतो हे मला नंतर इथे कळलं. बाईंच्या रुकामध्ये पण एक कुल्ट्रुन आहे, भिंतीला टांगलेला, पण त्याला त्यांनी हात लावला नाही आणि कुणी मागितलाही तर देत नाहीत. फोटोबद्दल पण तसंच, जेवणाचे, चुलीचे हवे तेवढे काढा, माणसांचे विचारून.

विणकामाचा कोपरा आहे एक. उभा माग, त्यांच्या भाषेत वित्रल, त्यावर लेक त्रारिवे विणत होती, बायका कमरेला बांधतात तो लांब पट्टा. नक्षी आधी कागदावर काढलेली नसते, डोक्यात असते, धागे बोटाने मोजत मोजत उचलते आणि मधेच तुमच्याशी बोलत पण असते. रंग बहुतेक झाडपाल्याचे. पट्टा ३५,००० पासून, पूर्ण पोंचो लाखांत. भाव करू नका प्लीज, अख्खा हिवाळा जातो एका पोंचोत. तेमुकोच्या बाजारात १५,००० ला मिळणारे मशीनचे असतात. चांदीचे दागिने इथे विकायला नाहीत, बाईंच्या छातीवरचा त्रापेलाकुचा मात्र नीट बघा, परवानगी घेऊन. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गुरांच्या आणि कापडाच्या व्यापारातून स्पॅनिश चांदीची नाणी आली, ती वितळवून हे घडवायचे, आणि जमिनी गेल्यावर घराघरातली चांदी गहाणवटीच्या दुकानात गेली. त्यांचा हा आजीचा, लपवून राहिलेला.

भाषेचं थोडं. बाई मापुदुंगुन बोलतात, लेक अर्धवट, कारण बाईंना शाळेत ती बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची म्हणून त्यांनी मुलांशी स्पॅनिशच बोललं. लेक आता तेमुकोला जाऊन क्लास लावून शिकतेय, आणि स्वयंपाक चालू असताना आईला मुद्दाम मापुदुंगुनमध्येच विचारते. संस्कृतसारखं द्विवचन आहे त्यात, 'आम्ही दोघी'ला वेगळं सर्वनाम आणि दोघींपेक्षा जास्त असलो तर वेगळं, हे ऐकून मला फार आनंद झाला. पोचल्यावर मारी मारी (नमस्कार) म्हणा, वयस्कर बाईंना पापाय म्हणा, निघताना चालतुमाय (आभार) म्हणा, एवढ्यानेही घरातला सूर बदलतो. २०२१ ला मापुचे समाजातल्या एलिसा लोन्कोन चिलीच्या संविधान सभेच्या अध्यक्ष झाल्या आणि पहिलं भाषण मापुदुंगुनमध्ये सुरू केलं, तो दिवस बाईंनी ह्याच चुलीपाशी रेडिओवर ऐकला. ते संविधान पुढच्या वर्षी मतदानात पडलं, त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत.

पण माणसं कमी झालीयत असं समजू नका, २०१७ च्या जनगणनेत १७ लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला मापुचे म्हणून नोंदवलंय आणि त्यात सगळ्यात जास्त सँटियागो महानगरात राहतात. म्हणजे सँटियागोत राहत असाल तर तुमच्या ऑफिसात, बिल्डिंगमध्ये आहेत.

कमी काय आहे ते पण सांगते. इंग्रजी अजिबात नाही, स्पॅनिश येत नसेल तर येणारं कुणीतरी बरोबर न्या, नाहीतर अर्धं गेलं. कार्ड चालत नाही, चिलीचं बँक अकाउंट असेल तर ट्रान्सफर, नाहीतर कॅश, आणि कॅश पुकोनलाच काढून ठेवा. टॉयलेट घराच्या मागे आहे, स्वच्छ, पण पावसात चिखलातून जावं लागतं, बूट घाला. लहान मुलांना सकाळपासून बसवणं कठीण, त्यांच्यासाठी नुसतं जेवण घ्या. परतीची शेवटची बस कधी ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा, गप्पांत वेळ कळत नाही. आणि अरौकानियात, म्हणजे ह्या सगळ्या प्रदेशात, सुरक्षित आहे का असं बरेच जण विचारतात, जमिनीवरून आणि पाइन-निलगिरीच्या लागवडींवरून जो तणाव आहे तो बराचसा तेमुकोच्या उत्तरेला आणि पश्चिमेला, इकडे डोंगरात एकटी बाई म्हणून मला कुठेच काही वाटलं नाही.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या चिखलाच्या वाटेचा. ताजे पिन्योन हवे असतील तर मार्च-एप्रिल, रोब्ले झाडावरची (दक्षिणेकडचा बीच, खरा ओक नाही) केशरी दिवेन्ये अळंबी खायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. २१ जूनच्या आसपास विचारू नका, वी त्रिपांतु असतं, त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा घर घरच्यांसाठी असतं. बाकी कधीही जा, पण आदल्या दिवशी दुपारच्या आत फोन करा, कारण कातुतोचा गहू रात्रीच राखेत उकळून ठेवावा लागतो आणि सकाळी सांगितलं तर बाई सरळ नाही म्हणतात.